तरोट्याची भाजी

माहेर माहं किन्हीराजाचं, बापाचं थोडंसं वावर, आन मले दिलं इंझोरीत, मोठ्या घरात, दान्याच्या कनग्या भरेल, दारात दोन म्हशी, पन काय सांगू तुमाले, दूध सारं विरजनात जाय आन तूप कारंज्याच्या बजारात, लेकराच्या वाट्याले ताकाचं पानी. जवारीची भाकर, वरन, मिरचीचा ठेचा, रोज तेच. सासू म्हने पोट भरलं ना, मंग अजून काय पाह्यजे.

माहा नाम्या शाळेत जायले लागला तं मास्तरानं मले बोलावलं, म्हने बाई, याले दिवेलागनीले दिसत नाई, ठेचकायते पोरगं, याले दूध द्या, हिरवा पाला खाऊ घाला. मी म्हनलं पाला कोनता, तं म्हने तुमच्या कुपाटीले तरोटा उगवेल हाय ना, तोच. मले तं हासूच आलं बापा, पानी पडलं का तरोटा कुठी नसते, पायाखाली तुडवतो आपन त्याले.

पन सासूपुढं तरोट्याचं नाव काढलं आन तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मोठ्या दुकायात तिनं तोच पाला बिनमिठाचा शिजवला होता, तोच खात खात तिचे दोन लेकरं गेले. म्हने माह्या चुलीवर तो पाला चढन त्या दिवशी मी मेली समज, आन गाव काय म्हनन, यायच्या कनग्या रिकाम्या झाल्या. तिचं दुख काही खोटं नव्हतं. नाम्याच्या बापाले सांगतलं तं ते म्हने मायले दुखवू नको.

मंग मी कोवया पाला बारीक चिरून भाकरीच्या पिठात मयला, वरून तीय लावले, फडक्यात बांधून शाळेत धाडली भाकर. हिरवीगार झाली ना वो ते! पोट्ट्यायनं पाह्यली, तवापासून त्याचं नावच तरोट्या पडलं. नाम्या रडत घरी आला, भाकर म्हशीपुढं फेकली, म्हने पुन्हा देशीन तं शाळेतच जात नाई. म्हशीनं हुंगली आन तोंड फिरवलं, तरोटा जनावर बी खात नाई.

त्याच साली नाम्याले गोवर आला. गोवर गेला, पन डाव्या डोयात फूल पडलं, उजव्यानं धुरकट दिसते. मी रोज पाहतो त्या डोयाकडं आन जीव जयते माहा.

सासू गेली, नाम्याचा बाप गेला, आता नाम्याची पोरगी शाळेत जाते. परवा दिवेलागनीले ते उंबऱ्याले अडखयली. मी तशीच उठली, तरोटा खुडला, धुतला, चुलीवर ठेवला. नाम्यानं वासावरूनच वयखला. म्हने माय, उतरव ते, पोरीले शाळेत नाव पडन. सून माह्याकडं पाहे, मी सुनेकडं. उतरवलं मंग, काय करू, घर आता त्याचं हाय. माह्या डोयात जेवढी नजर राह्यली असन तेवढी देवानं त्या पोरीले द्यावी, मले आता काय पाहायचं हाय.