रेहानाचाचीच्या हाताखालची नोकरी

मी सोनाळ्याचा. घरची वांग्या-टमाटरची वाडी, बाप बाजारात बसायचा, अन् मले बसवलं का मी गिऱ्हाइकाशी गप्पा हाणता हाणता किलोच्या जागी दीड किलो तोलून द्यायचो, म्हणून बापानंच एक दिवस सांगितलं, बाबू, तू नोकरी पाय. बारावी होती, मोटरसायकल होती, तेवढ्यावर आरोग्याचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागलो. काम काय, तर वरवट बकालच्या आसपासच्या खेड्याइत दर महिन्याले गरोदर बायकांचा बीपी मोजायचा, सूज हाये का, डोकं दुखते का, इचारायचं, फॉर्म भरायचा. आमच्या डॉक्टरबाईचं म्हणणं असं, का बाया बाळंतपणात काऊन दगावतात ते त्यायच्या घरी जाऊनच कळन, दवाखान्यात बसून नाही. लोक मले साहेब म्हणत. मलेही ते खरं वाटे.

मंग कोरोना आला. एका गावानं, नाव सांगत नाही, तिथला बुढा अजून माह्यावर डाफरते, रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकल्या, बाहेरच्याले बंदी. बाई म्हणाल्या, फोनवर विचारा. आता काय सांगू तुमाले, घरात फोन एक, तो सासऱ्याच्या खिशात. मी इचारलं, तुमच्या सुनेचं, वर्षाताईचं कसं हाये, डोकं दुखते का. बुढा म्हणे, हाव, लय. लिहिलं. डोळ्याले कसं दिसते. धुसर, मोतीबिंदू सांगतला डॉक्टरनं. लिहिलं. तंबाखू? दिवसाच्या दोन पुड्या. तेही लिहिलं. बुढा आपलंच सांगून राह्यला, हे माह्या ध्यानातच नाही आलं. दोन दिवसांनी बाईंचा फोन, म्हणाल्या, वीस वर्षांची पहिलटकरीण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तंबाखू, अन् चालताना काठी लागते. हे लिहिताना तुम्ही जागे होते का? म्हटलं, जागाच होतो.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी या घरांनी आपल्याला आत घेतलं, आता हे तुटलं तर एखादी बाई जाईल अन् आपल्याला कळणारही नाही. त्या गावात अशी कोण आहे, जी प्रत्येक घरात थेट चुलीपर्यंत जाते? मी सरपंच म्हणणार होतो, जीभ चावली. म्हटलं, रेहानाचाची. बांगड्या भरणारी.

चाचीबद्दल, तिच्या लोकाइबद्दल त्या दिवसांत कोरोनाच्या नावानं काय काय बोलल्या गेलं ते सांगत नाही, बोलणाऱ्यांत माहे दोस्तही होते. तरी ती हो म्हणाली. काट्यांच्या अलीकडं मी, पलीकडं ती, तोंडाले ओढणी, अन् मी माह्याच दंडाले बीपीचा पट्टा बांधून शिकवून राह्यलो. एका दुपारीत शिकली. आकडे तिले बांगडीच्या मापानं पाठच होते. माहा बीपी पाहून म्हणे, बेटा, पहले तेरा इलाज कर.

पुढं वर्षाले सातवा लागला. पाहुणे नाही, डोहाळजेवण नाही, पण हिरवा चुडा तं भराच लागते, म्हणून चाची गेली. लग्नात जे माप सरकन चढलं होतं ते अंगठ्यापाशीच अडलं. त्याच्या वरचं माप घेतलं, तेही अडलं. चाचीनं बांगड्या बाजूले ठेवल्या अन् पट्टा काढला. मले फोन, वरचा आकडा एकशेसाठ, पोरीचे हात फुगून राह्यले. अन् मी शहाणा काय बोललो, तर दिवस गेल्यावर हात सुजतातच चाची, उद्या परत मोज. ती म्हणे, तुले नाही समजून राह्यलं, तू बाईचा नंबर दे. दिला. त्या साऱ्या वर्षात म्या धड केलेलं काम म्हणजे तेवढंच.

बाईंनी गाडी पाठवली. बुढा उंबऱ्यात आडवा. दवाखान्यात कोरोना हाये, म्हणे, सून जाणार नाही. चाची त्याच्याच ओट्यावर बसली. म्हणे, भाऊ, तुमच्या घरच्या तीन पिढ्यांचे हात माह्या सासूनं अन् म्या धरले. गाव काय बोलते ते ऐकूनही तुमच्या दारी आली. कोरोनाले मी बी भेते. पण ह्या पोरीच्या हाताले जास्त भेते. बुढा उंबऱ्यातून बाजूले झाला. मंग काठी टेकत सोताच रस्त्यावर गेला अन् काट्या ओढाले लागला, तवा बाकीच्याइनं हात लावला.

गाडीत वर्षासोबत कोण बसलं? चाचीच. वर्षाले कितीतरी दिवस दवाखान्यात ठेवलं, आठव्यात ती मोकळी झाली. पोरगी एवढीशी, पण रडली. दोघी घरी आल्या, अन् गावानं परत टाकलेल्या काट्या रस्त्यावर अजून असताना चाचीच्या दारात बायांची रांग लागली, चाची, माहाही बीपी पाय.

काम थांबलं नाही. आज पाच गावच्या बाया चाचीकडून मोजणं शिकतात. मी मोटरसायकल चालवतो, ती मागं बसते, मशीन तिच्या मांडीवर, माह्या हातात देत नाही. माहा फॉर्म पहिले तिले वाचून दाखवा लागते, मंग तो बाईंकडं जाते. परवा एका फॉर्मवर अडली, म्हणे, ही बाई तू पाह्यली का ऐकली? ऐकली, म्हटलं. चाल मंग, म्हणे, गाडी काढ. भर उन्हात निघालो. अल्ला म्हणा का देव म्हणा, तिले लय वर्षं ठेवो, माहं शिकणं अजून व्हायचंच हाये.