पाकिटावरचा उजवा हात

‘मांडवाच्या हळदीले विधवेचा हात लागत नसते, अन् काहून ते विचारायचं नसते’ — हेच म्हणाले ना मोठेबाबा तुमी आता? नाही, पुन्हा नका म्हणू, मले पाठ हाये. बावीस वर्षं झाली पाठ होऊन. बसा ना, उठून काहून राहिले? मोठी आई, तुमी बी बसा, त्या खुर्चीवरचं पोतं सरकवा — हळकुंडं हायेत, चावत नाहीत. चाहा सांगितला हाये मागे. मागे म्हणजे चक्कीवर. माय तिथंच हाये, हो. ती घरघर येऊन राहिली ना कानावर, त्या आवाजात तिले इथलं काही ऐकू जात नाही, म्हून तर मी इतक्या मोठ्यानं बोलून राहिली.

पत्रिका छान छापली पण. ‘सुप्रसिद्ध टीव्ही अभिनेत्री व उद्योजिका कुमारी करिश्मा गोपालराव यांची विशेष उपस्थिती’ — सोनेरी अक्षरात! नवरीचं नाव माह्यापेक्षा बारीक हाये, पाह्यलं का? बिचारी आकांक्षा, तुमची धाकटी. मनोजच्या लग्नातली पत्रिका आठवते? मले आठवते. तुमच्या पोराच्या लग्नात चोवीस नावं होती तिच्यात, मी मोजली होती, दोन महिन्याच्या पोट्ट्याचं बी नाव होतं — ‘आमच्या मामाच्या लग्नाले यायचं हं’ — ज्याले मान धरता येत नव्हती तो निमंत्रण देऊन राहिला होता. अन् मी? सख्खी चुलत बहीण? नाही. माय? नाही. मी मुंबईहून फोन केला तं तुमी म्हणाले, ‘छापखान्यात चूक झाली.’ अन् फोन ठेवता ठेवता कोणाले तरी म्हणाले, ‘नाटकवालीचं नाव टाकून सोयरीक मोडायची होती का?’ फोन ठेवलाच गेला नव्हता, मोठेबाबा. तुमचं बटन चुकलं होतं. मी ऐकत होती.

जाऊ द्या, आता कामाचं बोला. अकोल्याचे पाहुणे काय म्हणाले? — ‘मनकर्णा येणार ना?’ सगळं घर माही सिरीयल पाहत होतं, नवरदेवाची आजी तं जेवणाचं ताट घेऊन टीव्हीपुढं बसे. मंग करवली म्हून मी मिरवायचं, हळदीले पहिला हात माहा, अन् संध्याकाळी स्टेजवर दोन मिनिटं मनकर्णा करून दाखवायची. बरोबर? अन् मायनं बी यायचं, तुमी काही कमी मनाचे नाही — फक्त हळदीच्या वक्ताले तिनं आतल्या खोलीत बसायचं. पापड तळायले चालते ती. वांगी चिरायले चालते, शंभर माणसाची कणीक तिंबायले चालते. रोडग्याच्या पंगतीत दिवसभर गोवऱ्याच्या धुरात बसायले तं तीच लागते. फक्त हळदीतच काय काटे असतात? अन् मी कशी चालते? मले नवरा नाही म्हून मी चालते, तिचा मेला म्हून ती चालत नाही. म्हणजे बाईनं नवरा केलाच नाही तं ती शुभ — मोठी आई, हे तुमीच सांगून राहिल्या बरं, मी नाही.

तुमच्या सीमाताईचं लग्न आठवते? तुमाले हळदीचा डबा कुठं ठेवला ते आठवत असेल, मले दुसरंच आठवते. मी दहा वर्षाची होती. बाबाले जाऊन वर्ष बी झालं नव्हतं, बडनेऱ्याच्या रस्त्यावर त्या ट्रकनं — तर अंगणात पाटावर हळदीचा वाडगा होता, अन् कुठून तरी शेळी आली. शेळी, मोठेबाबा. वाडग्यात तोंड घालणार, तितक्यात मायनं धावत येऊन वाडगा उचलला. वाचवला. अन् मोठी आईनं काय केलं? मायच्या हातातून तो हिसकला अन् गोठ्याच्या मागं उकिरड्यावर उपडा केला. अख्खा वाडगा. शेळीनं खाल्ली असती तं वरवरची काढून बाकीची वापरली असती, हे तुमीच म्हणाल्या होत्या तेव्हा, चार बायायच्या देखत — शेळीचं तोंड चाललं असतं. मी विचारलं, ‘काहून?’ एवढंच. मोठेबाबा, तुमच्या हाताची पाच बोटं माह्या गालावर उठली होती. ‘विचारायचं नसते.’

मायनं हात धुतला. राखेनं घासला. पण हळद जाते का? तीन दिवस तिचा हात पिवळा राहिला, अन् तीन दिवस तिनं तो पदराखाली धरला. वाढतांना डाव्या हातानं वाढे. कोणी हाक मारली तं दाराआडून डोकं काढे, अन् हात पदरात — जसं काही चोरून आणलं हाये तिनं कोणाचं.

— चाहा येते, येते. घाई काहून करून राहिले?

काय म्हणाले? ‘तेच! तेच पदराखाली हात लपवायचं कर स्टेजवर, त्यालेच सगळे हसतात’? हो. हसतात. सहा वर्षं अख्खा महाराष्ट्र हसला. अमरावतीच्या कॉलेजात नाटकं करता करता मी मुंबईले गेली, ऑडिशनले उभी राहिली, तं डायरेक्टर म्हणाला, ‘विदर्भातली आहेस? मग मोलकरीण कर. ते मले-तुले जरा जास्त कर, लोकांना मजा येते.’ मले काय, काम पाहिजे होतं. म्हटलं, करते. तो म्हणाला, ‘हिची काही तरी लकब पाहिजे, एकदम हसू येईल अशी.’ अन् मी — विचार बी नाही केला, मोठेबाबा — मी दाराआडून डोकं काढलं अन् हात पदराखाली घेतला. सगळं युनिट हसलं. कॅमेरावाल्याले ठसका लागला. तिथंच सिलेक्शन. तेव्हापासून मनकर्णा म्हणजे तो हात. घरात लाडू केले, मनकर्णाचा हात पदराखाली. मालकिणीचं पाकीट हरवलं, मनकर्णाचा हात पदराखाली. मागून हसण्याची टेप वाजवत ते. गणपतीत पोरी मनकर्णा बनून हात लपवत नाचत होत्या. मले बक्षीस भेटलं त्याचं. टीव्हीवर मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, ‘निरीक्षण.’

निरीक्षण!

तुमाले कधी ओळखू नाही आलं? तुमी बी पाहत होते ना — नाही म्हणू नका, मनोजच्या बायकोनं सांगितलं मले, आवाज बंद करून पाहे सासरे, म्हणे. बंद आवाजात तं अजून साफ दिसलं असेल. तुमच्याच अंगणातली बाई होती ती. तुमच्याच घरातल्या वाडग्याचा रंग होता त्या हाताले. अन् तुमी हसले. बरं, तुमाले काय बोलू. तुमी एक वाडगा फेकला, मी तं तिचा हात सहा वर्षं विकला.

मायनं एक बी भाग सोडला नाही. कधी बोलली नाही. मी घरी आली की पाय दाबून द्यायची, म्हणायची थकली असशील. शेवटच्या वर्षी एकदा, भाकरी थापता थापता, माह्याकडं न पाहता म्हणाली — ‘तू डावा हात लपवते. माहा उजवा होता.’

बस. एवढंच. कॅमेरा उजवीकडून लागत होता ना, म्हून मी डावा घेतला होता. मी तिले ते सांगितलं बी! विचार करा, मी तिले कॅमेऱ्याचं सांगत बसली.

तिसऱ्या दिवशी मी प्रोड्युसरले सांगितलं, मनकर्णाले गावी पाठवून द्या, परत आणू नका. लोक म्हणाले, वेडी झाली, चालतं दुकान सोडून राहिली. मी म्हटलं, दुकानच टाकणार हाये. अमरावतीले आली, राजापेठेत हा गाळा घेतला, मागे चक्की बसवली. हळदच काहून, मिरची काहून नाही, पापड काहून नाही — सगळ्यायनं विचारलं. तुमाले आता तरी समजलं असेल.

अन् माय? आठ दिवस चक्कीच्या दारात उभी. आत पाय टाकेना. म्हणे, ‘पहिल्या दळणाले माहा हात नको, धंद्याले बरं नसते.’ पाहा, तुमी तिच्यात किती खोल गाडून ठेवलं होतं! नवव्या दिवशी माया — आमच्या चक्कीवरची — ती पोतं ओतत होती, पोतं घसरलं, हळद सांडायले लागली, अन् मायनं धावत येऊन कोपरापर्यंत हात घातला. पुन्हा वाचवली तिनं. वाचवायचीच सवय तिची. हात बाहेर काढला अन् पदराकडं नेला. मी धरला. मी म्हटलं, ‘माय, इथं कोणी नाही हसणार.’ मग तिनं तो हात भिंतीवर ठेवला. ठसा उमटला. तोच पाकिटावर हाये.

हो, तो. पिशवीतून काढून पाहा ना. बाहेर मायाकडून पाच पाकिटं घेतली ना तुमी आत्ता आत येतांना? सगळे मले म्हणत होते, मनकर्णाचा चेहरा टाक पाकिटावर, हातोहात जाईल. मी म्हटलं, हातच टाकते. गिऱ्हाइकं विचारतात, कोणत्या पार्टीचा प्रचार हाये हा? मी म्हणते, माह्या मायच्या पार्टीचा.

आणि मोठी आई, तुमी काहून घाबरून राहिल्या? ठेवा, ठेवा टेबलावर, पाकीट काही फुटत नाही. हे तं परवाच्या हळदीच्या नहाणासाठी. मुहूर्ताची हळद गेल्या शुक्रवारीच झाली ना तुमच्याकडं? आकांक्षानं फोटो टाकले होते. जात्याले आंब्याचा डहाळा, पाच सवाष्णी खुंट्याले हात लावून हसून राहिल्या, पाच हळकुंडं टाकली, दोन वेढे फिरवले, फोटो निघाला अन् संपलं दळण. आता कोण घरी दळते, माही बी तक्रार नाही. पण मंग वाडग्यात जी हळद होती, ती कुठून आली? फोटोत मागच्या कोनाड्यात पाकीट दिसते पाहा. हे, मोठं करते. दिसला? पिवळा हात. त्याच वाडग्यातली हळद तुमी पहिले देवाले लावली. मंग खांबाले लावली. मंग पोरीच्या कपाळाले. मोठी आई, तुमी स्वतः लावून राहिल्या हायेत, हिरव्या साडीत.

प्रत्येक घाण्यातली चिमूटभर हळद माय तळव्यावर घासून पाहते. तिनं मान हलवली तरच ती पाकिटात जाते. एक बी पाकीट तिच्या हाताशिवाय बाहेर पडत नाही. तीन वर्षं झाली — अमरावतीत, अकोल्यात, तिकडं कौंडण्यपूरच्या जत्रेपर्यंत किती पोरी त्या हळदीनं पिवळ्या झाल्या, मोजा. कौंडण्यपूर म्हणजे माह्या मायचं माहेर. तिथल्या रुख्मिणीनं तं एकदा भावाचं बी ऐकलं नाही, कृष्णासंगं निघून गेली. आमची रुख्मिणी, माही माय, सगळ्यायचं ऐकत बसली. नांदून राहिल्या ना त्या सगळ्या पोरी? का कोणाचं काही झालं?

काय? ... मोठ्यानं बोला. ‘सगळ्या सवाष्णींचं झालं की शेवटी तिनं बी लावावं, गुपचूप, फोटोवाला गेल्यावर’? वा. बावीस वर्षात तुमी शेवटापर्यंत आले, मोठेबाबा. मी टाळी वाजवू?

नाही.

नाही म्हणजे नाही येत. मी नाही, मनकर्णा नाही. पत्रिकेवरचं सोनेरी नाव तुमचं तुमी खोडा, तुमाले सवय हाये, अकोल्याच्या पाहुण्यायले सांगा छापखान्यात चूक झाली. आकांक्षाले माहा राग नाही, तिचा आहेर मी घरी पाठवीन. पण तो हात स्टेजवर मी आता कोणाच्या बापाच्या लग्नात बी लपवणार नाही. मायले विचारू? — मले मालूम हाये ती काय म्हणते. ती म्हणेल, ‘जाऊ दे, पोरीचं लग्न हाये, बसते मी आत.’ साडी बी काढून ठेवली हाये तिनं, इस्त्री करून. काल पाह्यली मी. ... म्हून तं नाही विचारत. हे चुकते माहं, मले समजते. पण आज मी तिले विचारणार नाही.

घ्या, आला चाहा. ये माय, ये आत. पदर काय सावरते, पुढं ये. ट्रे इथं ठेव. मोठेबाबा, पाहा ना वर. उजवाच हाये. मोठी आई, कप घ्या तिच्या हातातून, थंडा होऊन राहिला.

अन् जातांना एक काम करा. ही पिशवी — पाच पाकिटं. घेऊन जायची असेल तं घेऊन जा, तुमच्याच मांडवात जाईल. ठेवायची असेल तं इथं ठेवा, माया पैसे परत देईल, मंग शुक्रवारच्या त्या वाडग्याचं काय करायचं ते तुमी पाहा. उकिरडा माहीतच हाये तुमाले.

बोला ना. दारात जाऊन काहून उभे राहिले?

मोठी आई?

... बरं. माय, तू जा चक्कीवर, घाणा जळून जाईल. दारातून सरका जरा, मोठेबाबा. गिऱ्हाईक उभं हाये.