शेजारच्या केबलचा स्विच

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डाबाहेर आईला भेटायची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकेच्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती.

"भाऊजी, हे घरी बल्ब बदलतानाही आधी टेस्टर लावतात. मग काल केबल कापताना का नाही लावला?"

"लावत होता, वहिनी. मीच अडवलं. म्हटलं, स्विच मी स्वतः बंद केलाय, वीस वर्षं सोबत काम करूनही माझ्यावर भरवसा नाही होय? तो हसला आणि टेस्टर खिशात टाकला."

"आणि स्विच?"

"शेजारच्या केबलचा बंद केला होता मी."

शिक्षिकेने वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबवलं.

"सकाळी शुद्धीवर आले, तर पहिलं तुमचंच विचारलं. त्याला काही लागलं नाही ना, म्हणाले."

"मी आत जाऊ, वहिनी?"

"जा. पण स्विचचं तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."