लाईनीतली चूल

कर्जतच्या फलाटावर खोपोलीची गाडी यायची होती. एका बाकावर डोंगरावरच्या वाडीतली ठकी आणि नव्यानं सासरी निघालेली तिची मुलगी भागी बसल्या होत्या.

"भागे, ही लोखंडाची वाट म्हंजे लाईन ना गं?"

"हां. आन् बिजलीघराची तार जाते, तीपन लाईन. त्याच लाईनीवर तुजा जावई कामाला हाय."

"मंग तू ऱ्हाशील कुटं?"

"लाईनीत."

"तारंवर?"

"नाय गं आये. एका पत्र्याखाली ओळीनं खोल्या बांधल्यात, ती लाईन. नळावर पान्याला उभं ऱ्हायचं, तीपन लाईन."

"गोऱ्या सायबाकडं शब्दांचा दुकाळ दिसतो."

"हस तू."

"तुजी बहीन पल्याडच्या वाडीत दिली. सकाळी तिच्या घरातनं धूर निघाला का मला कळतं, पोर बरी हाय. तुज्या पत्र्याखाली इतक्या चुली. त्यातला तुजा धूर कसा वळखू?"

"आपल्या कड्यावरनं खोपोली दिसते ना?"

"दिसते. सपनात दिसावी तशी."

"मंग दिस माथ्यावर आला का मी चूल पेटवीन. तवा कुनाचीच पेटलेली नसंल. वर ओला पाला टाकीन."

"जावई विचारंल, भर दुपारी कसला सैपाक?"

"सांगंन, आयेला हाक मारते."

गाडी आली. भागी चढून खिडकीशी बसली.

"भागे, मीपन कड्यावर पाला पेटवीन. बाहेर येऊन बघशील ना?"

"पान्याची लाईन सोडून येईन."