दोन घागरींचा ड्रॅगन

सातारा स्टँडवर आटपाडीच्या गाडीला उभ्या असलेल्या आकारामतात्यांचे कान पुढच्या दोघांकडं लागले. जयराजला लहानपणची शेजारीण झुबेदाआपा भेटली होती.

"आपा, लहानपणी आपुन राक्षसांच्या कार्डांचा खेळ खेळायचो, त्यात ड्रॅगनचं कार्ड टाकायचं तर आधी दोन घागरी पाणी आणायचं, हा नियम तूच वाचून दाखवलावतास न्हवं?"

"व्हय. इंग्रजी मलाच यायचं."

"माज्या लेकीला, शिवांजलीला, तसंच शिकवाय गेलो तर ती म्हणती, दोन लहान राक्षसांच्या कार्डांचा बळी द्यायचा. मला लबाड म्हणली आन दोन दिस झालं बोलंना."

"कार्डावर तसंच हुतं रं. पर तुज्याकडं लहान राक्षस दोनच. ते गेल्यावर रडत बसला असतास."

"आन पाणी?"

"ते आमच्या घरात न्हवतं."

जयराजनं हसत फोन लावला.

"शिवांजली, तुजंच खरं. पर लबाड मी न्हवं, ही आपा हाय. घे, बोल तिच्याशी."