उजव्या हातातलं व्हायोलिन

— ते स्टूल नको बेटा, हालते ते, इकडं खोक्यावर बस. निकिता ना तू, लोहाऱ्याची? शाळेत आमची ही चीज व्हायोलिनवर वाजवणार म्हणते, अन् संगतीले पियानो पाहिजे. पण या चिजेले संगत लागतच नाही, कोणालेही इचार — व्हायोलिनचं उजव्या हातानं, पियानोचं डाव्यानं, दोन्ही मी एकटाच या पियानोवर वाजवतो. मीच बसवलं तसं. ऐक… काय? बोटं लई पळते? लोकंही तेच म्हणते, टाळ्या वाजवते. पळत नाही ते. हे पाह्य, हा एक सूर. तुह्या गजानं तो ओढत ओढत पार फुलसावंगीपर्यंत नेता येते. पियानोचा सूर दाबला का मरू लागते. मंग तो मरायच्या आत दुसरा टाका, तिसरा टाका, मूठभर टाका — तेवढी शांतता भरून काढतो मी, दुसरं काय.

पहिले? पहिले गुलनार होती ना, माही बहीण. व्हायोलिन तिचं. हा पियानो अब्बाकडं दुरुस्तीले आलता, मालक परत आलाच नाही. दोन-तीन मिनिटाच्या चिजा वाजवाचो आम्ही, भाकरी होईस्तोवर. लग्न होऊन ती हैदराबादले गेली, मंग तिचंही मी बोटात घेतलं. काहून म्हणजे? घरात तिचा आवाज पाहिजे होता मले. पुरं बसल्यावर फोनवर ऐकवलं. हसली. म्हणे, “भाईजान, आता मी कायले येऊ? मी तं तिथंच आहो.” मजाक केली तिनं. मजाकच होती. या ईदले नाही आली — पोरांच्या परीक्षा असतील.

बरं, काढ तुहं व्हायोलिन. मी खालचं तेवढंच वाजवतो. हो, डाव्यानंच. चाल…

थांबली काहून? हो, आला. उजवा आला मधात. पुन्हा घे, आता मांडीखाली दाबून ठेवतो त्याले… 

नाही जमत बेटा. तिची जागा सोडताच येत नाही त्याले. तुहं काही चुकलं नाही, सूर चांगला आहे तुहा. तुमच्या शाळेतल्या पेटीवाल्या सरले सांग, खालचं सोपंच आहे. जा आता, यवतमाळची बस निघून जाईल.

अन् ऐक — जाता जाता त्या पायरीवर बसून एकदा वाजवशील? पुरं वाजव. मागं पाहू नको.

मी पियानोचं झाकण लावून घेतो.