रामटेकचा एकुलता एक बेरोजगार

तुम्ही हसान, पण आमच्या संस्थेनं हुडकेश्वरच्या पोरायले एसी दुरुस्ती शिकवली अन् फायदा मोजाले मले सर्वेचे फॉर्म देऊन रामटेकले धाडलं. जिथं कोर्स झालाच नाही, त्या गावाशी तुलना करायची, असं आमच्या संस्थेच्या सरायचं डोकं. हुडकेश्वरात अर्धे पोरं अजून कामच शोधून राहिले होते. रामटेकच्या शेतायत मात्र ज्याले विचारावं त्याच्या हाताले काम.

"मावशी, इथं रिकामं कोणीच नाही काय?"

"धानाची रोवणी सुरू हाय ना गा. तू काहून रिकामा फिरून राहिला? ते फॉर्म ठेव बांधावर अन् हे रोपं धर."

गुडघाभर चिखलात असताना सरायचा फोन आला. "अरे, एक तरी बेरोजगार सापडला का?"

"एकच होता, सर. त्यालेही मावशीनं आत्ताच कामाले लावलं."